खिडकीकडची सीट

दुसऱ्या दिवशी दादाला आणायला जायचं होतं, म्हणून गुरुवारी ऊन उतरायच्या आत मी ओढ्याकाठी फांदी तोडायला गेलो. आमच्याकडे, डर्बनपासून लांब डोंगरात, म्सिंगात, माणूस घराबाहेर मेला की ही फांदी लागते. झाड बोरीच्याच जातीचं. काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला. म्हातारे म्हणतात, सरळ काटा वाट दाखवतो आणि वाकडा काटा आपलं माणूस धरून ठेवतो. प्रेत आणायला गाडी पुरते. माणूस आणायला फांदीच लागते.

लिंदानीदादाचं प्रेत ग्रेटाऊनच्या शवागारात होतं. पण दादा स्वतः अजून रस्त्यावरच होता. थुकेला नदीकडे उतरणाऱ्या घाटात, त्या वळणावर, जिथं त्याला मारलं.

मी त्याचा धाकटा भाऊ, साखिले. सातवीतून शाळा सोडली आणि स्टँडवर टॅक्स्या धुतो. दादा शिकलेला होता. तो असता तर त्यानंच हे लिहिलं असतं, आणि मला म्हणाला असता, ‘तू गप बस, तुझं तोंड आणि तुझा हात एकदमच सुटतो.’ खरं होतं ते.

त्या रात्री, जूनच्या दुसऱ्या गुरुवारी, गोठ्यामागं शेकोटी केली होती. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. थंडी अशी की पाठीमागून कुणी गार पाणी ओतावं. मी होतो, माझे चुलतभाऊ होते, आणि म्बोम्वूबाबा होते. बाबा न्गुबाने घराण्यातले. त्या घराण्यातल्या माणसाला आदरानं म्बोम्वू म्हणतात, आम्हा झोंडींना नोंदाबा म्हणतात तसं. बाबांची सोळा सीटची टॅक्सी आहे, डर्बन ते आमचं गाव. उद्या मला तेच नेणार होते.

“एक ओळखीतला पोरगा होता,” बाबांनी सुरुवात केली. “डर्बनला कॉम्प्युटरवर काम करायचा...”

“ओळखीतला काय?” मी उसळलो. “माझा भाऊ होता तो! नाव घ्या त्याचं.”

“घेतील बाबा नाव,” थुलानी, माझा चुलतभाऊ, म्हणाला. “आता बस, नाहीतर शेकोटीत पडशील. तुला भाजून खायला कुणाचे दात नाहीत इथं.”

पोरं हसली. बाबा हसले नाहीत.

“नोंदाबा,” ते मला म्हणाले, “ही गोष्ट सांगायची मला हौस नाही. तुला सांगायलाच हवी म्हणून सांगतो. उद्या फांदी तुझ्या हातात असणार. ती हातात असेपर्यंत ज्याला आणायला गेलास त्याच्याशीच बोलायचं. जिवंत माणसाशी एक शब्द नाही. तुझ्या भावाला हे ठाऊक होतं. तरी काय झालं ते ऐक. मध्ये बोलू नकोस. आजपासूनच सवय कर.”

मग त्यांनी सांगितलं, ते असं.

---

खुलेकानीकाका कसा मेला ते तुम्हाला माहीत आहे. तरी सांगतो, गोष्ट तिथूनच सुरू होते.

लिंदानीनं आपला जुना फोन काकाला दिला होता. जुना म्हणजे काय, तुमच्या-माझ्यासाठी नवाच, महागाचा. काका डर्बनजवळच्या उम्लाझीत रस्त्याकडेला उभा राहून त्याच्यात बघत होता. डोक्याला खेड्यातली लोकरी टोपी, पायात टायरच्या चपला, आणि हातात असला फोन. कुणीतरी ओरडलं, “चोर!”

बस. तेवढंच लागतं.

शेजारी कुणाचं घर चाललं होतं. लाल विटांचा ढीग. माणसांनी अर्ध्या अर्ध्या विटा उचलल्या. काका ओरडत होता, “पुतण्यानं दिलाय! लावा त्याला फोन, विचारा! अरे, एक फोन लावा!” कुणी लावला नाही. एकानं तोच फोन हिसकावून त्याच्या तोंडावर मारला, दात पडेपर्यंत. मग विटा. मग बांधकामाची सळई. बायासुद्धा होत्या. लिंदानी पोचला तेव्हा चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. जवळ एक अर्धी वीट पडली होती. तिला केस चिकटले होते.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी लिंदानी फांदी घेऊन तिथं गेला. म्हणाला, “नोंदाबा, काका, मी लिंदानी. चल, घरी जाऊ.” आणि माझ्या टॅक्सीत बसला. दोन सीटचं भाडं दिलं. खिडकीकडची सीट काकाची.

एक जाडशी बाई चढली. “सीट रिकामी आहे की!” म्हणाली.

मी म्हटलं, “मावशी, तिथं माणूस बसलाय.”

तिनं फांदी बघितली. झगा आवरून गुपचूप मागं गेली. मी रेडिओ बंद केला. टॅक्सीत कुणी खोकलंसुद्धा नाही. लिंदानी तेवढा हळूच बोलत होता, “काका, ग्रेटाऊन आलं. काका, आता घाट लागेल.” पूल आला, वळण आलं की सांगावं लागतं, नाहीतर ते वाट चुकतात.

घाट उतरताना त्याचा फोन वाजायला लागला.

आता त्याचं काम काय, ते तुम्हाला माहीत आहे. डर्बनमधलं अंत्यविधीचं दुकान. त्यांची वेबसाइट त्यानंच केलेली. घरात कुणी गेलं की लोक तिथं नाव नोंदवतात, पेटी ठरवतात, गाडी किती वाजता ते ठरवतात. आपल्याकडे सगळी माती शनिवारी, म्हणून शुक्रवारची रात्र ही त्या दुकानाची सुगी. आणि नेमकी त्याच रात्री वेबसाइट बंद पडली. काही लिहिलं की एकच ओळ यायची: डेटाबेसशी जोडणी होत नाही. ऑफिसात नोक्वाझी नावाची पोरगी एकटी, आणि डोक्यावर मालकीण.

फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. लिंदानीनं घेतला नाही. पुन्हा वाजला. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. गालाची शीर उडत होती.

त्या वळणावर त्यानं घेतला.

“बोल, पटकन. पासवर्ड कुणी बदलला का? नाही? सर्व्हर चालू आहे? मग जोडण्या भरल्या असतील. डेटाबेस बंद करून परत चालू कर. हो, तुटू देत सगळ्या. ठेव.”

एवढंच बोलला.

मागं ती बाई “अगं आई गं” म्हणाली. गार वारं मानेला लागलं. मी आरशात बघितलं. काकाच्या बाजूची खिडकी उघडी होती. ती मी निघतानाच घट्ट लावली होती.

“काका?” लिंदानी म्हणाला. “काका, बसलायस ना?”

मी गाडी थांबवली. “उतर,” म्हटलं. “मागं जा आणि परत बोलाव त्याला.” तो म्हणाला, “म्बोम्वू, घरी सगळी ताटकळलीत. पहाटे माती आहे.” घरी येऊन त्यानं फांदी गेलेल्यांच्या झोपडीत ठेवली. कुणाला काही बोलला नाही.

---

“मग घरी कोण आलं?” थुलानीनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“फांदी आली,” बाबा म्हणाले.

कुणीतरी लाकूड सारलं. ठिणग्या उडाल्या. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण कुणाला द्यायच्या ते कळेना. बाबांनी गुडघे छातीशी घेतले आणि पुढं सांगायला लागले.

---

त्यानंतर वेबसाइट रोज संध्याकाळी पडायला लागली. लिंदानी माझ्या शेजारी पुढं बसून यायचा, तेव्हा सांगायचा. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? म्हणून तो म्हणायचा, “म्बोम्वू, डेटाबेस म्हणजे तुमची टॅक्सी. सीट ठरलेल्या. एक उतरतो, त्याच्या जागी दुसरा चढतो. वेबसाइट दारात उभी राहून माणसं चढवते. पण आत बसलेला उतरलाच नाही, आणि तोच पुन्हा पुन्हा चढत राहिला तर? टॅक्सी भरली. बाहेरच्याला दार उघडत नाही. तीच ती ओळ दिसते.”

त्यानं सगळं करून पाहिलं. पासवर्ड तपासला. सर्व्हरचा पत्ता तपासला. जागा संपली का ते बघितलं. सीट वाढवल्या, दुप्पट केल्या. एका रात्रीत त्याही भरल्या.

मग त्यानं आत कोण बसलंय ते बघितलं. तशी सोय असते म्हणे. प्रत्येक जोडणीपुढं लिहिलेलं असतं, ती कुठल्या यंत्रावरून आली आणि काय करतेय. काही न विचारता नुसती बसलेली असेल तर मशीन लिहितं, ‘झोपलेली’. बहुतेक झोपलेल्याच असतात.

या झोपलेल्या नव्हत्या. सगळ्या जाग्या होत्या. आणि सगळ्या एकाच फोनवरून आल्या होत्या.

त्याच्या जुन्या फोनवरून. काकाला द्यायच्या आधी तो त्यावरूनच काम करायचा. आतली किल्ली त्यात तशीच राहिली होती.

तो फोन कुठं होता? काकाच्या पेटीत. तुकडे झालेला. आपणच ठेवला होता, थुलानी, तूच रुमालात बांधलास.

हरवलेला फोन शोधायची सोय असते ना, ती लिंदानीनं लावून बघितली. नकाशावर ठिपका आला. आपल्या अंगणात नाही, थडग्यावर नाही. घाटात, वळणावर.

मग त्यानं चूक केली. त्या जोडण्या तोडायला घेतल्या. पहिली तोडली तेव्हा ऑफिसच्या खिडकीची काच फुटून आत आली. तिसरा मजला. बाहेर कोणी नाही. नोक्वाझी किंचाळली. त्यानं दुसरी तोडली. खुर्चीवरून खाली पडला. मला त्यानं शर्ट काढून खांदा दाखवला. काळानिळा. असा चौकोनी कोपरा उठलेला. आणि जखमेत लाल भुकटी.

त्यानं पासवर्ड बदलला. म्हणजे कुलूपच बदललं. जुन्या किल्लीनं दार उघडायलाच नको होतं.

उघडलं.

तेव्हा तो म्हणाला, “म्बोम्वू, चूक मशीनमध्ये नाहीच. मी त्याला वळणावर उतरवला. तो आत यायला बघतोय आणि मी त्याला बाहेर ढकलतोय.”

गेल्या शुक्रवारी त्यानं माझी सबंध टॅक्सी घेतली. नवी फांदी. नोक्वाझीला बजावलं, “मी घरी पोचून फोन करेपर्यंत काहीही होऊ दे, एकही जोडणी तोडू नकोस. साइट पडली तर पडू दे.” ती हो म्हणाली. मी स्वतः ऐकलं.

वळणावर पोचलो तेव्हा चंद्र उगवला नव्हता. मी इंजिन चालूच ठेवलं. फोन पुढच्या सीटवर टाकून तो फांदी घेऊन कठड्यापाशी गेला.

“नोंदाबा,” म्हणाला. “काका. मी लिंदानी. मी चुकलो. चल आता.”

काही नाही. खाली नदी.

पुन्हा म्हणाला. मग खडी वाजली. एकच पाऊल. मग दुसरं... फरपटत. वास आला. रक्ताचा, आणि उन्हात तापलेल्या विटेवर पाणी पडल्यावर येतो तसा.

टॅक्सीचं सरकतं दार आपोआप सरकलं. गाडी एका अंगाला दबली. स्प्रिंगा करकरल्या.

आला, मी मनात म्हटलं. देवा, आला.

लिंदानी मागोमाग आला. रडत होता, हसत होता. “बैस काका, खिडकीकडची सीट तुझी.” त्याचा एक पाय पायरीवर.

पुढच्या सीटवर फोन वाजला.

त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी हात लावला नाही. वाजून बंद झाला. मग पडदा उजळला. नोक्वाझीनं लिहिलं होतं: माफ कर, मालकीण अंगावर येतेय, माणसं रडतायत, एकदाच तोडते.

मी ओरडणार...

गाडी एकदम हलकी झाली.

पहिला फटका मी ऐकला. ओल्या पोत्यावर बसावा तसा. लिंदानी पायरीवरून मागं फेकला गेला. समोर कुणी नाही. दुसरा तोंडावर. दात टपावर येऊन वाजले. तो म्हणत होता, “काका, मी नाही... काका, मी इथं आहे...” तिसरा. मी पाना घेऊन उतरलो. हवेत फिरवला. कशाला लागणार? कुणीतरी मला छातीत ढकललं. नुसतं ढकललं, बाजूला हो म्हणावं तसं. मी पडलो. चौथा. पाचवा. मोजले नाहीत मी. तो आता बोलत नव्हता. फटके चालूच होते.

मग थांबले.

नदी वाजत होती. पुढच्या सीटवर फोनचा चुरा झाला होता. लिंदानीनं फांदी सोडली नव्हती. काटे तळहातात आरपार.

पोलीस म्हणाले, लुटारू. मी म्हटलं, हो साहेब. शवागारात तुम्ही त्याचं तोंड धुतलंत, तुम्हाला आठवत असेल पाणी कसलं निघालं ते. नुसतं रक्ताचं लाल नव्हतं. खाली गाळ बसला होता. विटेची भुकटी. त्या वळणावर मैलभर एक वीट नाही.

---

मी उठलो. “त्या पोरीला मी जिवंत...”

“बस,” बाबा म्हणाले.

“तिनं तोडलं! तिला सांगितलं होतं तरी...”

“उद्या रात्री ती इथं येणार आहे, मातीला. तेव्हा काय करायचं ते कर. पण उद्या वळणावर तोंड उघडलंस ना, तर तुझ्यात आणि तिच्यात फरक काय राहिला?”

मी बसलो. थुलानीनं आपली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. त्या रात्री कुणी कुणाची थट्टा केली नाही.

शुक्रवारी फोन आईकडं ठेवून मी निघालो. शवागाराच्या दारात आमचा फार वेळ मोडला. दादाची पेटी ठेवलेली गाडी पुढं गेली. आम्ही वळणावर थांबलो तेव्हा अंधार पडून गेला होता.

कठड्यापाशी डाग होते. मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही. माझे दात वाजत होते.

“नोंदाबा,” मी म्हटलं. “दादा. मी साखिले. चल, आई वाट बघतेय.”

थोड्या वेळानं माझ्या हातातली फांदी जड झाली. ओल्या कपड्याचं गाठोडं टांगावं तशी. मी दार उघडलं. “खिडकीकडची सीट तुझी.” गाडी हलकेच दबली. मी दार लावलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं, ओठावर बोट ठेवलं आणि गाडी सोडली.

पहिला फटका टपावर पडला.

बाबांनी वेग वाढवला. दुसरा मागच्या काचेवर. काच तडकली. तिसऱ्याला आत आली, माझ्या मानेवर, पाठीवर. कपाळावरून गरम काही ओघळलं, डोळ्यात गेलं. “दादा, घाट उतरतोय आपण,” मी म्हटलं. दारावर फटका. पत्रा आत आला. गाडी कठड्याकडं ओढली गेली, बाबांनी वळवली. “दादा, वळण आलंय. दादा, बसून राहा.”

मागून कुणीतरी पळत होतं.

उतारावर, गाडीच्या वेगानं. फरपटत. आणि श्वास. तुटलेल्या दातांतून येणारा श्वास. त्या श्वासात मला मारणारा ऐकू आला नाही. मला माहीत नाही कसं सांगू. स्टँडवर शेवटची टॅक्सी सुटते आणि एखादा म्हातारा पिशवी घेऊन मागं पळतो, तसं होतं ते. टपावर हात आपटत. थांबा. थांबा. मी आहे.

लावा फोन, विचारा. कुणी लावला नव्हता.

बाबांचं ऐकायला हवं होतं. ज्याला आणायला गेलास त्याच्याशीच बोल. पण माझं तोंड आणि माझा हात एकदमच सुटतो. मी उठलो आणि धावत्या गाडीचं दार सरकवलं.

“काका!” मी ओरडलो. “खुलेकानीकाका, नोंदाबा! तू पण ये! फोन तुझाच होता, सगळ्यांना माहीत आहे! ये आत!”

बाबांनी ब्रेक मारला. मी सीटवर आपटलो.

दारात अंधार. श्वास जवळ आला. माझ्या तोंडाजवळ. रक्ताचा वास. मी डोळे मिटले. आता पहिला...

गाडी दुसऱ्या अंगालाही दबली.

मी दार लावलं. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मग त्यांनी गाडी चालू केली. पुढं सगळी वाट मी दोन नावं घेत आलो. “दादा, काका, पूल आलाय. दादा, काका, आपलं फाटक.”

घरी झोपडीत मागच्या भिंतीपाशी, जिथं आमचे गेलेले बसतात, तिथं मी चटईवर फांदी ठेवली आणि बाहेर आलो.

शेकोटीपाशी बायांमध्ये एक बारीक पोरगी बसली होती. मांडीवर कॉम्प्युटर. मला बघून ती उभी राहिली.

“तू साखिले?”

माझा हात उठला होता. तिनं चुकवला नाही. गालावर आधीच कुणाच्या तरी बोटांचे वळ होते.

“मार,” ती म्हणाली. “मालकिणीनं पण मारलं. नोकरी सोडून आलेय मी. पण आधी हे बघ. मला एकटीला हे बघवत नाही.”

मी हात खाली घेतला. मला त्यातली अक्षरं कळेनात. “तोंडानं सांग.”

“दोनच जोडण्या आहेत आता. बाकी सगळ्या आपोआप गेल्या. तू आलास तेव्हाच गेल्या. एक लिंदानीच्या फोनवरून.” तिनं ओळीवर बोट ठेवलं. “त्याचा तर चुरा झाला ना? ती... झोपलेली आहे.”

“आणि दुसरी?”

“जुन्या फोनवरून. जागी आहे.” तिनं नकाशा उघडला. दोन्ही ठिपके आमच्या अंगणात, एकमेकाला चिकटून. “मी हात लावणार नाही, साखिले. आईशपथ, मेले तरी तोडणार नाही.”

मी आईकडून ज्वारीच्या बिअरचं मडकं घेतलं आणि झोपडीत गेलो. दिवा नेला नाही. मडकं फांदीपाशी ठेवलं. गुडघ्यावर बसलो.

“काका,” मी म्हटलं, “घर आलंय. दादा शेजारी आहे. त्यानं तुला सोडलं नव्हतं, त्याला कळलं नाही. आता झोप.”

कोपऱ्यात काहीतरी हललं. मग काहीतरी जड, हळूच, जमिनीवर टेकलं.

मी पाठ न वळवता, गुडघ्यांवरच मागं सरकत बाहेर आलो. नोक्वाझी पडद्याकडं बघत होती. तोंडावर हात.

“काय?”

“आत्ताच,” ती म्हणाली. “दोन्ही झोपल्या.”

शनिवारी दादाची माती झाली. त्याआधी उजाडताना मी फांदी घ्यायला झोपडीत गेलो, बाबा दारात उभे होते. मडक्यातली बिअर तशीच होती. फांदी तशीच होती. तिच्याजवळ चटईवर एक अर्धी वीट होती. लाल, भट्टीतली, ओली. आमच्या गावात घरं दगडमातीची, भट्टीची वीट इथं कुणी आणलेली नाही.

तिला आम्ही हात लावला नाही. ती अजून तिथंच आहे, आणि अजून वाळलेली नाही.